कपाशीत भरलेला धाकट्यांचा वर्ग

वऱ्हाडात आल्यावर पहिली काही वर्षं मला एकाच प्रश्नाची धास्ती असे. नवा माणूस समोर येऊन बसला, पानसुपारी झाली, गाव कोणतं, इकडे कसे आलात, इथवर बोलणं आलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठत असे. आता हा विचारणार, शिक्षण कुठवर?

शिक्षण तिसरीपर्यंत, आणि तिसरीही पुरी नाही. आमचं गाव कोकणात, खाडीच्या एका अंगाला. शाळा दुसऱ्या अंगाला. वडील होते तोवर तरीच्या होडीतून जाऊन शिकलो. ते गेले आणि मी खोतांच्या वाडीत सुपारी सोलायला बसलो. वारा आमच्या बाजूचा असला की पलीकडच्या शाळेतले पाढे पाण्यावरून ऐकू येत. मी सोलता सोलता तोंडातल्या तोंडात म्हणत असे, आणि वारा फिरला की पाढा अर्धाच राही. माझे काही पाढे अजूनही तसेच आहेत.

एका नातलगाच्या मागे मागे मी अमरावतीला आलो. दूर कुठेतरी गोऱ्यांच्या मुलखात भाऊबंदकीची लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या कपाशीला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत लागलेल्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. माणसांच्या मिशांत, पागोट्यांत, ताकाच्या भांड्यातसुद्धा कापसाचे तंतू. मला एका अडत्याकडे गठ्ठ्यांवर कुंच्यानं खुणा आणि नावं घालायचं काम मिळालं. आई घरी एकटी, मी शेकडो कोस लांब, आणि आपल्याला इथून हाकलून दिलं तर कोणत्या तोंडानं परत जायचं, ही चिंता उशाला घेऊन मी झोपत असे.

त्या गठ्ठ्यांपाशीच हेडमास्तर मला भेटले. अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या वाटेवर एका मोठ्या गावात नवी सरकारी शाळा निघाली होती, तिचे ते मुख्य. मूळचे पुण्याकडचे, उंच, आवाज खणखणीत. शाळेसाठी शाई आणि बोरू घ्यायला आले होते. गठ्ठ्यासमोर थांबून म्हणाले, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कुंच्यानं असं येतं, तर बोरूनं कसं येत असेल?"

बोरू हातात धरून किती वर्षं झाली ते मी सांगितलं नाही. त्यांनीही पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

ते मला शाळेच्या कामावर घेऊन निघाले; काम काय, ते त्यांनी गावी पोचल्यावर दाखवलं. शाळेला लागूनच एका व्यापाऱ्याचं आवार होतं. तिथे रेचे चालत. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचं लाकडी यंत्र; दोन लाटणी एकमेकांना घासत फिरतात, एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं कापूस सारायचा. गावातल्या निम्म्या बाया तिथे बसलेल्या. त्यांची लेकरं त्याच धुळीत खोकत, लोळत, कापसाच्या ढिगांत झोपत. एका लेकराचं बोट लाटण्यात चेपलं, तेव्हापासून आयांनी पोरांना भिंतीच्या खिंडारातून आमच्या बाजूला ढकलायला सुरुवात केली होती. शाळेची पडवी त्या चिल्ल्यापिल्ल्यांनी भरून गेलेली. कुणाला चालता येतं पण बोलता येत नाही, कुणाच्या कडेवर आणखी एक.

"यांना गप्प बसवा," हेडमास्तर म्हणाले. "आत माझी मोठी मुलं त्रैराशिक करतात. आणि ऐका, नेमणूक हंगामी आहे. पुढल्या दिवाळीनंतर डिपुटीसाहेब शाळा तपासायला येतील. त्यांना पटलं तर हा वर्ग राहील. नाही पटलं तर ही पोरं परत रेच्यावर आणि तुम्ही परत तुमच्या वाटेनं."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर माणसानं काय करावं? मला लहानपणीचे आमचे पंतोजी आठवले; त्यांच्यासारखा ताठ उभा राहिलो, छडी काखेत धरली आणि उंच आवाजात "अ" म्हटलं. थोड्या वेळानं पडवीत मी आणि एक शेळी असे दोघेच होतो.

मी ज्या घराच्या ओसरीवर राहत असे ते कुणब्याचं घर. रानात त्यांची चांगली काळी जमीन होती. घरधनीण जाडजूड, हसरी, आणि बोलायला फटकळ. मी तिला मावशी म्हणत असे. तिची धाकटी लेक, पाचेक वर्षांची असेल, माझ्याबरोबर शाळेत येऊ लागली होती; तिला कुणी पाठवली नव्हती, तीच निघाली होती. घरी येऊन आईला तिनं सगळा वृत्तांत दिला असणार, कारण संध्याकाळी मावशी भाकर वाढता वाढता म्हणाली, "मास्तर, आज म्हने शेळीले शिकवून राहिले होते."

"शेळी निदान थांबली तरी," मी म्हणालो.

"थांबन ना. तिले बांधेल होती."

मग मी धूळपाटी केली. आमच्याकडे फळीवर तांबडी माती पसरून तिच्यावर बोटानं अक्षरं गिरवतात. इथल्या काळ्या मातीची धूळ करायला मी सकाळभर कुटत बसलो. ती वाळली की खड्यासारखी, ओली झाली की डिंकासारखी. एका पोरानं ती खाऊन पाहिली. दुसऱ्यानं, खाऊ नये म्हणून असेल, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. फळीचा चिखल झाला आणि मी डोक्याला हात लावून बसलो. तेवढ्यात मावशीची लेक आली, ओच्यातली सरकी काढली आणि एकेक बी त्या चिखलात टोचत सुटली. सरकीला कापसाची लव चिकटलेली असते. काळ्या चिखलात ती पांढुरकी ओळ उठून दिसत होती. मी तिच्या शेजारी दुसरी ओळ लावली, दोन्ही जोडल्या. ती म्हणाली, "हे काय होय?"

"ग."

"गायीचा?"

"गायीचा."

ती लवदार रेघ तिनं बोटानं चाचपली, मग डोळे मिटून चाचपली, मग शेजारच्या पोराचं बोट ओढून त्यालाही चाचपायला लावलं. सरकीला त्या आवारात तोटा नव्हता. ढोरांना घालूनही ढीग उरत. त्या आठवड्यात आमची सगळी पडवी चिखलानं सारवलेली आणि अक्षरांनी उगवलेली होती. हेडमास्तर दारात आले, पाय कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, आणि ते भिंतीच्या कडेकडेनं आत गेले.

पण खरी गाठ सुटली ती बाभळीच्या काट्यानं. रानातून येताना काटा पायात मोडला, उभं राहवेना, म्हणून मी पडवीत पोरांच्या मधोमध फतकल मारून बसलो आणि पाय वर घेतला. आजवर माझ्यापासून हातभर लांब राहणारी पोरं सगळी माझ्या तळव्यावर वाकली.

"लय मोठा हाय."

"नाई बे, बारका हाय. माह्या बापाच्या पायात याच्याहून मोठा गेल्ता."

"मास्तर रडून राहिला का?"

"नाई रडत. तोंडच तसं हाय त्याचं."

काटा कुणी काढावा यावर वाद झाला. जी पोरं महिनाभर तोंडातून शब्द काढत नव्हती ती एकमेकांना अडवून बोलत होती. काटा निघाला आणि मी उठायला लागलो, तशी मावशीची लेक माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "उठू नोको. उठलास का तू दूर जातं."

त्यानंतर मी त्या वर्गात उभा राहिलो नाही. माझ्याकडे आलेल्या मोठ्या माणसांनाही पोरं बसवून घेत. मोठी माणसं उभ्यानं बोलतात तेव्हा लेकरांना त्यांच्या नाकपुड्या आणि मिशा तेवढ्या दिसतात, हे मला खाली बसल्यावर कळलं.

एक पोरगा होता, कुंभाराच्या आळीतला. तो आला की भिंतीकडे तोंड करून बसे आणि सुटेपर्यंत तसाच. हेडमास्तरांनी ते पाहिलं.

"त्याला इकडे तोंड करायला सांगा."

"सांगितलं तर करील, मास्तर. पण ऐकणं बंद करील."

"आता ऐकतो कशावरून?"

"गोष्ट संपली की त्याची मान हलते."

त्यांनी भुवया उंचावल्या. मला वाटलं, झालं, उद्या गाशा गुंडाळायचा. पण ते गेले. मी रोज एका बगळ्याची गोष्ट सांगत असे, तो बैलाच्या पाठीवर बसून बाजार फिरून येतो. पोरांनी ती इतक्यांदा मागितली होती की मलाच कंटाळा आला होता. एके दिवशी कंटाळ्यात माझ्या तोंडून कावळा गेला. भिंतीकडून आवाज आला, "कावळा नाई. बगळा होता. आन् बाजार अकोल्याचा होता." पोरगा गर्रकन फिरला होता आणि भलताच चिडला होता. मी म्हटलं, बाबा, मला आठवत नाही, तूच सांग. त्यानं सांगितली. मग रोज सांगितली. पुढे त्याला गप्प करणं हे माझं एक कामच होऊन बसलं. पण मला त्यातून एक युक्ती सापडली. सगळं बरोबर सांगणाऱ्या मास्तरापुढे लेकरं नुसती बसून राहतात. मधूनच चुकणाऱ्या मास्तराला सांभाळायला ती धावून येतात. मी जपून, बेतानं चुकायला शिकलो. काही चुका बेताच्या नसत, त्याही त्यातच खपून जात.

दिवस वर आला की रोज काही पोरं हट्टाला पेटत, चावत, ओरबाडत. मी ते हट्ट म्हणून धरून चाललो होतो. मावशी एकदा आवारात सरकी न्यायला आली, तिनं खिंडारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "यायच्या माया झुंजूमुंजू कामावर येतेत. यायनं खाल्लं काय?" दुसऱ्या दिवसापासून मी आयांना दारातच विचारू लागलो. फडक्यात अर्धी भाकर, चिमूटभर चटणी, एवढं बांधून येऊ लागलं. चावणं बंद झालं. भाकर वाटून खाण्यावरून नवी भांडणं सुरू झाली, ती मात्र मला आवडत.

काही लेकरं पडवीवर न येता खाली अंगणात बसत. त्या काळी ती वर येत नसत, येऊ देत नसत, आणि ते मोडायची माझी ताकद नव्हती. मी पडवीच्या अगदी काठावर बसू लागलो, पाय अंगणात सोडून. गोष्ट दोन्हीकडे सारखी जाई आणि सरकीची अक्षरं खाली अंगणातही उगवत.

हेडमास्तरांचं एक गाऱ्हाणं कायम होतं. "मले, तुले, काहून... हे सुधारा की. डिपुटीसाहेब काय म्हणतील?"

"आत्ता कुठे बोलायला लागलीत, मास्तर. आधी बोलू द्या. मग बघू."

हे मी बोललो, आणि मग खाली पडलेली सरकी उगाच गोळा करत बसलो. मी तिसरीतून सुटलेला, आणि मी यांना काय सांगत होतो?

पावसाळा सरला. पडवी गळायची तेव्हा पोरं माझ्या ओसरीवर यायची. आवारातले रेचे बंद होते, कपाशी रानात वाढत होती, आणि तरी पोरं येत होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. आता गमावण्यासारखं काहीतरी होतं.

डिपुटीसाहेबांचा निरोप आला. तारीख आमच्यावर सोडली होती. हेडमास्तरांनी पंचांग काढलं. अमावास्या नको, संकष्टी नको, बाजाराचा दिवस नको, लग्नाची दाट तिथी नको. मी शेजारी बसून बोट फिरवत होतो. शेवटी दिवाळीनंतरचा एक दिवस सापडला, चारी बाजूंनी मोकळा. आम्ही दोघांनी मोठ्या समाधानानं तो कळवला. गावात कुणाला विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. पंचांग आहे म्हटल्यावर विचारायचं कशाला?

त्या सकाळी मी पडवी स्वतः सारवली. हेडमास्तर नवं उपरणं घालून दारात उभे. ऊन चढलं. एकही पोर नाही. मोठी मुलंही नाहीत. आवार बंद. गल्लीत कोंबड्या तेवढ्या. आणि तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला, डिपुटीसाहेबांची बैलांची दमणी वळणावरून येताना दिसली.

दमणीच्या मागून मावशी येत होती. डोक्यावर पाटी, पाटीवर पांढरं फडकं, नवं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. मी धावत गेलो.

"मावशी, पोरं कुठे गेली?"

"वावरात. कुठी जातीन? आज पहिली वेचनी हाय ना."

"आज? कुणी सांगितलं आज?"

"कपाशीनं सांगतलं," ती म्हणाली. "बोंडं फुटली, काल पाटलानं हाळी देल्ली. तुमी कोन्त्या गावात राहता मास्तर?"

पहिल्या वेचणीचा दिवस कोणत्याही पंचांगात नसतो. बोंडं फुटली की गाव ठरवतं. त्या दिवशी बाया नटून रानात जातात, चांगलंसं झाड पाहून त्याला कापसाचा धागा गुंडाळतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, कापूस दह्यासारखा पांढरा येऊ दे म्हणतात, आणि मगच कुणी बोंडाला हात लावतो. लेकरांनी तो दहीभात खायचा असतो. लेकरांशिवाय वेचणी सुरूच होत नाही. वर्षभर कपाशीच्या गावात राहून आम्हा दोघा परक्यांना हे ठाऊक नव्हतं; आदल्या दिवशीची हाळी ऐकली होती, पण ती कशाची ते कळलं नव्हतं.

"आज परीक्षा आहे, मावशी. साहेब आले."

तिनं दमणीकडे पाहिलं. "मंग त्याहिले वावरातच आना. भात पुरून उरते."

डिपुटीसाहेब खाली उतरले. मध्यम वयाचे, पाठीत किंचित वाकलेले, हातात चांदीच्या मुठीची काठी. रिकामी शाळा त्यांनी दारातूनच पाहिली. हेडमास्तरांचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी कसा पुढे झालो ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "रावसाहेब, वर्ग शेतात भरलाय. जरा चालावं लागेल."

हेडमास्तरांनी माझ्या सदऱ्याची बाही धरली. डिपुटीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीच्या पाटीकडे.

"त्यात काय आहे?"

"दहीभात, जी," मावशी म्हणाली.

"मी अकोल्याहून पहाटे निघालोय," ते म्हणाले. "चला."

रान असं पांढरं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाया एका झाडाभोवती जमल्या होत्या, धागा गुंडाळणं चालू होतं. शाळेतली आणि आवारातली लेकरं बांधावर दहीभाताची वाट पाहत होती. मला पाहून ती ओरडली, पण मागे साहेब दिसल्यावर गप्प झाली. साहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, काठी पुढे रोवली, आणि म्हणाले, "काय रे मुलांनो, काय शिकलात?"

कुणी तोंड उघडलं नाही. हेडमास्तर मला मागून ढोसत होते, बोला, बोलतं करा. मी बोललो नाही. जीभ टाळूला चिकटली होती हे खरं, पण ती मोकळी असती तरी बोललो नसतो.

मावशीची लेक उठून पुढे आली. तिनं साहेबांना पायापासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं.

"तू कोन होय?"

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"मी शाळा बघणारा," साहेब म्हणाले.

"मंग खाली बस. उभ्या मानसासंगं आमी नाई बोलत."

बायांचे हात थांबले. डिपुटीसाहेबांनी आपल्या शुभ्र धोतराकडे पाहिलं, काळ्या मातीकडे पाहिलं, आणि मग काठीवर भार देत हळूहळू खाली बसले. मांडी घालताना त्यांचा गुडघा वाजला. कुंभाराचा पोरगा लगेच त्यांना टेकून बसला. "माह्या आजाचा बी वाजते," तो म्हणाला आणि श्वासही न घेता बगळ्याची गोष्ट सुरू केली. साहेबांनी ती शेवटपर्यंत ऐकली. अकोल्याच्या बाजाराची गल्लीगल्ली ऐकली. त्याला मध्येच अडवून दुसरी पोरं भर घालत होती.

"आज सगळे आलात का?" साहेबांनी विचारलं.

"नाई," मावशीची लेक म्हणाली. "ते वढ्याकाठचं पोट्टं तापानं पडलं. आन् ती घाऱ्या डोळ्याची मामाच्या गावाले गेली. आन् सुताराच्या घरी बाळ झालं, त ती पोट्टी पाळना हालवून राहिली. ते संपलं का येईन."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. "ही हजेरी कोण शिकवतो यांना?"

"कोणी नाही, रावसाहेब," हेडमास्तर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... रोज सकाळी हे पोरांना विचारतात, आज कोण नाही, आणि का नाही."

"आता अक्षर काढून दाखवा कुणीतरी."

पाटी नव्हती. सरकी नव्हती. एकानं कापसाच्या बोंडाला हात घातला, तशा बाया ओरडल्या, "कापूस मातीत नोका घालू रे, काडीकचरा लागते." पोरं इकडेतिकडे पाहू लागली. साहेबांनी आपली चांदीच्या मुठीची काठी पुढे केली.

काठी पोरांपेक्षा उंच होती. एकाला पेलेना, म्हणून दोघांनी मिळून धरली, एकानं मूठ आणि एकानं खालचं टोक, आणि नांगर ओढावा तशी ती नुकत्याच खुरपलेल्या रिकाम्या पट्टीतून ओढली. बाजेएवढा "ग" उमटला. त्याच्यापुढे दुसऱ्या जोडीनं "म" काढला. तिसऱ्या जोडीत भांडण झालं आणि "ल" तिरका गेला, तो पुसून परत काढला. काठी हातोहात फिरत होती. जी लेकरं पडवीच्या खाली बसत त्यांच्यातल्या एका पोरीनंही ती धरली; रानात पडवी नव्हती. बांधापासून विहिरीपर्यंत अक्षरं गेली. बाया धागा सोडून बघत होत्या, आपल्या पोराचं कोणतं म्हणून एकमेकींना विचारत होत्या. एकीनं आपल्या लेकाच्या अक्षरावर पाय पडू नये म्हणून लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि वळसा घालून गेली. मी आयुष्यात प्रथमच कुणाकडेही न बघता, छाती भरून श्वास घेतला.

मग दहीभात झाला. साहेबांनी पळसाच्या पानावर, पोरांच्या ओळीत बसून खाल्ला. हात धुताना मला बाजूला घेतलं.

"ती मुलं पहिल्यांदा बोलली नाहीत तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. का?"

"मी बोललो असतो तर ती माझ्याकडे बघत बसली असती, रावसाहेब. मग तुमच्याशी बोलली नसती."

"हं. शिक्षण कुठवर झालंय?"

आला प्रश्न. दोन्ही बाजूंना पांढरं रान, पळायला जागाच जागा. मी म्हणालो, "तिसरीतून सुटलो. तिसरीही पुरी नाही."

हेडमास्तर पुढे आले. मला वाटलं, हात झटकतील. ते म्हणाले, "रावसाहेब, मला ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तरी मी ह्यांनाच ठेवलं असतं. आता ह्यांना नेलंत तर ती पडवी मला सांभाळता यायची नाही."

डिपुटीसाहेब धोतराची माती झटकत होते, ती काही जात नव्हती. "नेतो कुठे?" ते म्हणाले. "वर्ग कायम करतो. पडवीला पुढे अंगणापर्यंत छप्पर ओढा, म्हणजे सगळी एका छपराखाली बसतील. आणि ह्यांचं पुढचं शिक्षण इथेच पुरं करायचं. सकाळी धाकट्यांना शिकवतील, दुपारी तुमच्या वर्गात बसतील. पुढल्या वर्षी मी येईन तेव्हा ह्यांचीही परीक्षा घेईन. उभ्यानं नाही घेणार," ते पोरांकडे बघून म्हणाले.

बायांनी वेचणीला हात घातला. ओट्या भरू लागल्या. रानभर गाणं सुरू झालं आणि पोरं साहेबांच्या दमणीमागे धावत गावाच्या वेशीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्या घरी रेचा माहीत नाही अशा घरांतलीही लेकरं आली होती, पलीकडच्या वाडीतून एक बाप पोराला खांद्यावर घेऊन आला होता. दुपारी मी पाटी काखेत मारली आणि आत निघालो. पाय जड झाले होते. माझ्या निम्म्या वयाची मुलं तिथे बसलेली, आणि अर्ध्यावर राहिलेले माझे ते पाढे. मावशीची लेक मागून आली. तिनं माझं बोट धरलं, मला हेडमास्तरांच्या दारापर्यंत नेलं, आणि आत डोकावून म्हणाली, "मास्तर, हा नवा हाय. याले मारू नोका."

आतली मुलं खो खो हसली. हेडमास्तरांनी पुस्तक खाली ठेवलं, खिडकीजवळची जागा मोकळी करायला सांगितली, आणि मला म्हणाले, "या. बसा."